‘साभार’ म्हणजे नेमके कोणाचे आभार?

रावेरकडच्या एका मित्राची केळीची बाग काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळानं आडवी केली. घड भरत आलेले, कापणीला जेमतेम तीन आठवडे उरलेले. फळपीक विम्यात वादळाचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, म्हणून वारा थांबताच तो बांधावर गेला आणि मोबाइलवर धडाधड फोटो काढले. त्यातला एक, त्याच्याही नकळत, फार चांगला आला. मागे सातपुड्याची निळसर रेघ, पुढे एकाच दिशेला झोपलेली खोडं आणि मधोमध पाठमोरे उभे असलेले त्याचे वडील. त्यानं तो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी तो फोटो एका मोठ्या पेजवर होता. रात्री एका यूट्यूब बातम्यांच्या चॅनेलवर. पुढच्या वर्षी तोच फोटो ‘चोपड्यात वादळाचं थैमान’ म्हणून फिरला, त्याच्या पुढच्या वर्षी खोडाला बळकटी देणाऱ्या कुठल्याशा औषधाच्या जाहिरातीत बसला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: ‘साभार, सोशल मीडिया’. मी त्याला म्हटलं, बोल ना त्यांच्याशी. तो म्हणाला, ‘‘जाऊ दे भो. कोनाकोनाले बोलू?’’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘‘पन पाठ माह्या बापाची हाये ना.’’

‘साभार’ हा मराठीतला मोठा सभ्य शब्द. पूर्वी तो दोन ठिकाणी भेटायचा. एखाद्या मासिकानं दुसऱ्या अंकातला लेख पुन्हा छापला की त्याखाली, आणि संपादकाकडून आपली कविता परत आली की ‘साभार परत’ या चिठ्ठीवर. दुसऱ्या ठिकाणचा साभार बोचायचा, पण निदान कोण कोणाचे आभार मानतंय हे स्पष्ट असायचं. आता त्याच्या पुढे गूगल येतं, इंटरनेट येतं, व्हॉट्सॲप येतं. शेजाऱ्याची बैलजोडी सोडून न्यावी आणि आपल्या दारात ‘साभार, गोठा’ अशी पाटी लावावी, तसला हा प्रकार.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. दुसऱ्याचं लेखन, गाणं, फोटो, व्हिडिओ पुढे पाठवण्यात मला पाप दिसत नाही. आवडलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे. पण ज्यांचा धंदाच दुसऱ्याच्या वस्तूवर चालतो त्यांनी आधी विचारलं पाहिजे, आणि नाव कापायचा अधिकार तर कोणालाच नाही, ग्रुपवरच्या काकांनाही नाही. यातल्या पहिल्या गोष्टीत कायदा माझ्या बाजूचा आहे. दुसरीत कायदा आहेच, पण कारण त्याहून मोठं आहे, आणि ते खान्देशात राहणाऱ्याला तरी सांगायची गरज पडू नये.

आधी कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यानुसार मित्रानं मोबाइलचं बटण दाबलं त्या क्षणी तो त्या फोटोचा मालक झाला. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात गोलातला ‘सी’ काढावा लागत नाही, फोटोग्राफर असावं लागत नाही. फोटो ग्रुपवर टाकला म्हणून तो गावचा पाणवठा होत नाही. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. ‘मूळ मालकाला आक्षेप असल्यास पोस्ट काढून टाकू’ ही ओळ लिहिल्यानं दोष धुऊन निघतो, असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. ‘३० सेकंदांपर्यंत गाणं चालतं’ ही तर शुद्ध लोककथा आहे. सेकंदांचा असा आकडा कायद्यात नाही.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, कारण मीही धुतल्या तांदळासारखा नाही. एका व्याख्यानाच्या पोस्टरवर मी पाटणादेवीच्या जंगलातल्या धबधब्याचा फोटो वापरला होता. गूगलवर पहिल्या ओळीत दिसला, उचलला. दोन दिवसांनी चाळीसगावच्या एका तरुणाचा मेसेज आला: ‘सर, फोटो छान बसलाय पोस्टरवर. पहाटे चारला उठून गेलो होतो त्यासाठी.’ पुढे काहीच नव्हतं, मागणी नाही, धमकी नाही. मला त्या न मागण्याचीच जास्त लाज वाटली.

चाळीसगावचा विषय निघालाच आहे, तर केकी मूस यांची आठवण काढायला हवी. रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलेला हा छायाचित्रकार १९८९ साली गेला. त्यांची कृष्णधवल चित्रं ‘जुनी आहेत, म्हणजे सगळ्यांची’ अशा समजुतीनं फिरत असतात. पूर्वी आपल्याकडे फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनं फोटोलाही कवितेइतकंच आयुष्य दिलं, म्हणजे निर्मात्याची हयात आणि पुढची ६० वर्षं. या हिशेबानं मूस यांच्या ज्या छायाचित्रांचा हक्क तेव्हा संपलेला नव्हता, त्यांच्यावरचा हक्क २०४९ च्या अखेरपर्यंत जिवंत राहतो. रंग उडाला म्हणून हक्क उडत नाही.

उलट दिशेची गंमत साने गुरुजींची. अमळनेरनं ज्यांना शिक्षक म्हणून पाहिलं ते गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजा. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सगळं १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. शाळेनं छापावं, मुलांनी रेकॉर्ड करावं, कोणी नाटक करावं, कोणाला विचारायला नको. तरी शाळांच्या चॅनेलवर मी पाहतो, गुरुजींचं मोकळं साहित्य वापरायला शिक्षक बिचकतात आणि कालच्या सिनेमाचं गाणं मात्र बिनधास्त वाजवतात. मग व्हिडिओचा आवाज बंद होतो आणि सगळे म्हणतात, यूट्यूबनं अन्याय केला.

बहिणाबाईंची गोष्ट या दोन्हींपेक्षा नाजूक आहे. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी ओठांवर होती, ती घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून राहिली. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि पहिला संग्रह १९५२ साली निघाला. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे: ६० वर्षं मोजायची ती मृत्यूपासून नाही, प्रकाशनापासून. म्हणजे त्या पहिल्या संग्रहातली गाणी २०१३ च्या जानेवारीपासून मोकळी झाली. पुढच्या कुठल्या आवृत्तीत एखादं गाणं पहिल्यांदाच छापलं गेलं असेल, तर त्याचं घड्याळ वेगळं.

आता त्यांच्या नावानं फोनवर काय येतं ते बघा. दर आठवड्याला एखादी ‘बहिणाबाईंची कविता’ येते. लेवा गणबोलीचा मागमूस नाही, शेताचा वास नाही, स्वच्छ पुणेरी प्रमाणभाषेत नातेसंबंधांवरचं प्रवचन आणि वर गुलाबाचं फूल. आसोद्याच्या त्या बाईनं असं एक वाक्यही उच्चारलं नसतं. कॉपीराइट संपला म्हणजे आपण ती गाणी छापू शकतो, गाऊ शकतो. पण दुसऱ्याचं पीठ तिच्या जात्यात ओतायची मुभा कुठून आली? आणि ज्या कुणी ते प्रवचन लिहिलं, त्या बिचाऱ्याचं नाव कुठं गेलं? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं, आपण सगळ्यांनी फेटे बांधले. त्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ही गुलाबवाली कविता मला तीन वेळा आली आहे. तिसऱ्यांदा मी फक्त ‘कोणत्या पानावर?’ एवढंच विचारलं. ग्रुपवर दोन दिवस शांतता होती.

कायद्यात लेखकाच्या या अधिकाराला वेगळी जागा आहे. कलम ५७ म्हणतं, हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलंय’ असं म्हणण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. म्हणजे पैशाचा हक्क एक आणि नावाचा हक्क दुसरा, हे कायद्यानंही ओळखलं आहे. २०१२ पासून गायक-वादकांसारख्या कलावंतांनाही तशाच प्रकारचा अधिकार मिळाला.

तो कलावंत आपल्याकडे कोण, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी म्हणणारी, कानबाई देवीच्या उत्सवात रात्री जागणारी, ‘वही’ हा लोकप्रकार गाणारी माणसं. गाणं पारंपरिक असेल तर शब्दांचा मालक कोणी नाही, बरोबर. पण त्या दिवशीच्या गाण्यातला गळा कोणाचा तरी आहे, आणि तो रेकॉर्ड करणाराही कोणीतरी आहे. रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याकडे प्रसिद्धीपासून ६० वर्षं, कलावंताचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. अहिराणी गाण्यांना गेल्या काही वर्षांत यूट्यूबवर जे दिवस आले ते आपण सगळे बघतोय. लग्नाची वरात त्यांच्याशिवाय हलत नाही, पार नाशिक-सुरतेपर्यंत. साक्रीकडचा माझ्या ओळखीचा एक गायक आहे. स्वतः लिहितो, स्वतः गातो, गाडीभाडं खिशातून घालून गाणं रेकॉर्ड करून आणतो. त्याचं एक गाणं कुण्या डीजेनं उचललं, खाली ढोल घातला, वेग वाढवला आणि आपल्या नावानं चढवलं. मूळ गाण्याच्या कितीतरी पट लोकांनी ते ऐकलं. त्यानं त्या पोस्टखाली एक ओळ लिहिली, ‘‘भाऊ, गानं मन्हं शे, नाव कोनं शे?’’ त्यावर हसण्याचे शंभरेक इमोजी आले. डीजेनं ती कॉमेंटच काढून टाकली.

अशा गायकांना मी एकच व्यवहाराची गोष्ट सांगत असतो. एखाद्या म्युझिक कंपनीला गाणं देताना कागद करा आणि तो वाचा. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. हे कायद्यातच आहे. हॉटेलात चहा पिता-पिता ‘देऊन टाक रे’ म्हणून गाणं गेलं असेल, तर ते गेलेलं नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं मारून टाकलं. त्याआधीचे काही आठवडे देशभर फोनाफोनांतून मुलं पळवण्याच्या क्लिपा फिरत होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली क्लिप: रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला मोटरसायकलवाले उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते मोटरसायकलवाले वळून परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि मुलं पळवली जाण्याबद्दल सावध करणारा फलक दाखवतात. ज्या कुणी ती क्लिप आपल्याकडे सोडली त्यानं तो शेवट कापला, बनवणाऱ्यांचं नाव कापलं, गाव कापलं. उरली फक्त भीती. राईनपाड्याच्या बाजारात कोणाच्या फोनवर नेमकी कोणती क्लिप होती हे मी सांगत नाही. पण त्या महिन्यात आपल्या फोनवर आलेल्या कुठल्याही क्लिपवर नाव नव्हतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

मित्राच्या केळीच्या फोटोवरून मी थेट तिकडे उडी मारली, असं वाटेल. पण दोन्हीकडे हात एकच काम करतो. कोपऱ्यातलं नाव कापायचं, तारीख कापायची, पुढे ढकलायचं. निर्मात्याचं नाव हा त्याचा मान असतोच, शिवाय वाचणाऱ्याला मागे जाऊन खातरजमा करायची ती एकुलती एक पायवाट असते. रावेरचं वादळ चोपड्याचं होतं तेव्हा कोणी मरत नाही, फक्त पंचनाम्याच्या वेळी तलाठी हसतो आणि खऱ्या नुकसानवाल्याचा फोटोही खोटा वाटायला लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. ‘लोकगीतं अशीच जगली ना? कोणी कोणाला विचारलं होतं?’ खरं आहे. ओवी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली तेव्हा कोणी परवानगीचा कागद केला नाही. पण त्या ओवीवर मधल्या बाईनं जाहिरात घेतली नव्हती. आज मधला माणूस सराफाची जाहिरात घेतो, निवडणुकीत उमेदवाराचं पॅकेज घेतो, आणि ज्याच्या गाण्यामुळे ती गर्दी जमली त्याला म्हणतो, ‘तुझीच प्रसिद्धी होतेय ना’.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. कायदा मोठ्यांच्या हातातली काठी होतो. पोराच्या हळदीचा व्हिडिओ टाकला, मागे बँडवर गाणं वाजत होतं, कंपनीचा दावा आला. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला आपल्या कायद्यानं सूट दिली आहे, केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सूचना काढून ते पुन्हा सांगितलं. मात्र ही सूट वाजवण्यापुरती. तोच व्हिडिओ गाण्यासकट चॅनेलवर चढवला की गोष्ट बदलते, आणि ९० दिवसांत यूट्यूबचे तीन ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कभंगाचे ठपके, पडले की चॅनेलच जाऊ शकतं. शिक्षाही लहान नाही: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. गाणी ऐकवणाऱ्या पोरासाठी हे फार झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. पण शिक्षेच्याच कलमात एक समजूतदार वाक्य आहे: कृत्य व्यापारी फायद्यासाठी नसेल, तर न्यायाधीश कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतो. हौसेनं पाठवणारा आणि विकून खाणारा, यांच्यात फरक करण्याची जागा कायद्यानंच सोडली आहे. माझी सगळी भिस्त त्या फरकावर आहे.

लग्नाचंच निघालं म्हणून जाता जाता. फोटो चोरीला गेले म्हणून सगळ्यात जास्त ओरडतात ते आमचे लग्नाचे फोटोग्राफर. त्यांचं चुकतं असं नाही. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे नवरीचा फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी पैसे देणाऱ्या घराला विचारायला हवं. धुळ्यातल्या एका स्टुडिओवाल्याला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘सर, असं असतं तर धंदाच बंद होईल.’’ त्याचे फोटो उचलणारे पेजवालेही नेमकं हेच म्हणतात.

मग चालतं काय? बरंच चालतं. मूळ पोस्टचं शेअरचं बटण दाबलं तर वस्तू मूळ माणसाच्या नावासकट जाते, त्याची मोजणी त्याच्याच खात्यात होते. तुम्ही ती उतरवून घेऊन आपल्या पानावर नव्यानं चढवता तेव्हा तुम्ही प्रत काढता. लिंक पाठवा. पुस्तकावर लिहिताना त्यातल्या ओळी द्या. परीक्षण, टीका, चालू घडामोडींची बातमी, अभ्यास यांसाठी योग्य तेवढं वापरायला कलम ५२ मोकळीक देतं. पण परीक्षणात दोन ओळी घेणं वेगळं आणि अख्खी कविता टाकून खाली ‘अप्रतिम!’ लिहिणं वेगळं. न्यायालयाचे निकाल खुशाल पाठवा. मराठी विकिपीडियावरचा मजकूर नाव आणि परवाना सांगून वापरा, तो त्यासाठीच आहे. वर्तमानपत्राची अख्खी पीडीएफ मात्र नको. २०२० च्या टाळेबंदीत ती सवय लागली आणि त्याच मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात टेलिग्रामला असली चॅनेलं काढायला आणि ती चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. आपल्याकडचे लोक अजून सकाळी सहाला ‘पेपर टाका रे’ म्हणतात ते म्हणतातच.

खान्देशातल्या मोठ्या पेजवाल्यांकडून माझी अपेक्षा एवढीच, की उचलण्याआधी एक मेसेज करा आणि उत्तर जपून ठेवा. नाव पहिल्या ओळीत घाला, हॅशटॅगच्या ढिगाखाली नको. जाहिरात मिळाली तर गायकाला, फोटोवाल्याला त्यातलं काही पोचवा. ‘काढा’ म्हटलं तर त्या दिवशी काढा, कॉमेंट पुसत बसू नका. आणि आपण बाकीचे, जे ना पेज चालवतो ना चॅनेल, आपण निदान विचारू शकतो: कोणाचं आहे हे? मी दीड वर्षापासून हे विचारतोय. दोन ग्रुपमधून मला काढलं. एकात मात्र आता लोक कविता टाकताना आपण होऊन कवीचं नाव शोधतात, आणि सापडलं नाही तर तसं लिहितात.

केळीवाल्या मित्राचं सांगायचं राहिलं. त्यानं आता फोटोवर नाव, गाव, तारीख टाकायला सुरुवात केली आहे, कोपऱ्यात नाही, थेट खोडांवरून, म्हणजे कापायला गेलं तर बागच कापली जाईल. यंदा जूनमध्ये कृषी महाविद्यालयातल्या एका मुलीचा त्याला मेसेज आला. वादळानं पडणाऱ्या केळीवर तिचा प्रकल्प होता, तो जुना फोटो वापरू का, असं तिनं विचारलं होतं. इतक्या वर्षांत विचारणारी ती पहिलीच. त्यानं मला फोन करून विचारलं, ‘‘काय लिहू भो हिले?’’ मी म्हटलं, तुला वाटेल ते लिही. त्यानं लिहिलं काहीच नाही. तिला अकरा फोटो पाठवून दिले, वडिलांचा तोंड दिसणाराही एक त्यात होता.